मिलोचे रुग्णालय: श्रद्धा आणि शुश्रूषा

12 जानेवारी 2010 रोजी हैती या कॅरिबियन देशाला 7.0 तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधील अनेक रुग्णालये कोसळली, तेव्हा उत्तरेकडील मिलो या लहान गावातील ‘सेक्रेड हार्ट’ या कॅथलिक परंपरेच्या रुग्णालयावर उपचारांचा मोठा भार आला. जेमतेम 70 खाटांच्या या रुग्णालयात हेलिकॉप्टरने शेकडो जखमी येऊ लागले, शेजारच्या शाळेत रुग्णकक्ष उभे राहिले आणि परदेशांतून आलेले स्वयंसेवक डॉक्टर व परिचारिका स्थानिक कर्मचाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून राबू लागले.

भूकंपानंतर अशा पथकांना ‘क्रश सिंड्रोम’ ओळखता यावा लागतो. ढिगाऱ्याखाली दीर्घकाळ चेंगरलेल्या स्नायूंतील पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे प्रथिन दाब हटताच रक्तात मिसळतात, त्यामुळे हृदयाची लय बिघडते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून सुटकेपूर्वीच शिरेवाटे सलाइन सुरू करणे हितावह असते आणि लघवीला आलेला चहासारखा गडद रंग ही धोक्याची खूण मानली जाते.

श्रद्धा स्वयंसेवकाला बळ देते; मात्र रेड क्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेनुसार मदत केवळ गरज पाहून द्यावी, तिचा वापर धर्मप्रसारासाठी करू नये. शिवाय पथके परतल्यावरही अवयव गमावलेल्यांना कृत्रिम पाय, व्यायामोपचार आणि आधार वर्षानुवर्षे लागतो, त्यामुळे स्थानिक आरोग्यसेवा सबळ करून जाणे हीच अशा सेवेची खरी सांगता होय.