गाडी चालू आहे, पण चालत नाही

आजचा विषय आहे जुनी गाडी. पण ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनीही लगेच पुढचा भाग लावू नका. बिघाड शोधायची जी पद्धत आज सांगणार आहे, ती घरच्या मिक्सरलाही लागू पडते.

तर कल्पना करा. गाडी रस्त्यात उभी आहे. इंजिन मस्त सुरू आहे. गिअर पडतोय. तुम्ही क्लच सोडता, ॲक्सिलरेटर देता, इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडी जागची हलत नाही. म्हणजे गाडी चालू आहे, पण चालत नाही! आता बिघाड नेमका कुठे?

हे आमच्याकडे घडलं. आम्ही भिवंडीत, कामतघरला राहतो. वऱ्हाळादेवीचा तलाव माहीत असेल, त्याच भागात. माझ्या काकांकडे 1972 सालची फियाट आहे, अकराशे डिलाइट. ज्यांनी मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी पाहिलीये, त्यांनी तिची मोठी बहीण समजा. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. डिलाइट आली 1964 मध्ये, पद्मिनी हे नाव आलं 1974 मध्ये. इंजिन 1089 सीसीचं, पेट्रोलवर. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा बातम्याही आल्या होत्या.

एका रविवारी सकाळी काका आणि मी पेट्रोल भरायला निघालो होतो. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येताना मागचं उजवं चाक खड्ड्यात गेलं. काकांनी पहिल्या गिअरमध्ये जरा जोर दिला. मागून एकच आवाज आला, ‘खाड्’. त्यानंतर गाडी ढिम्म. मागे गोदामांकडे जाणारा कंटेनर, त्याचा हॉर्न, आणि आम्ही दोघं गाडी ढकलतोय.

जवळच्या एका गॅरेजमधले मिस्त्री आले. त्यांनी दोनदा गिअर टाकून बघितला आणि म्हणाले, “काका, गिअरबॉक्स गेला. याचा माल आता कुठे मिळतो? मी दुसऱ्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून देतो, पुढची दहा वर्षं बघायला नको.”

इथे खरी अडचण होती. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल न केलेली, अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, नोंदणी दहा वर्षं, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. काकांचे कागद जमवून झाले होते. दुसरं इंजिन बसवलं की पन्नास वर्षं सांभाळलेली गोष्ट एका दुपारी संपली. तेही गिअरबॉक्स खरंच गेलाय की नाही हे कोणी तपासलेलं नसताना!

काका म्हणाले, “अरे, खोलायच्या आधी बघू तरी.” काकांचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला. कारखान्यात माग बंद पडला की जॉबर काय करतो? मोटर फिरतेय ना? फिरतेय. मग पट्टा फिरतोय का? क्रँक शाफ्ट फिरतोय का? त्याच्याखालचा बॉटम शाफ्ट फिरतोय का? फिरणं जिथे थांबलं, बिघाड तिथेच. मोटर फिरत असताना कोणी मोटर बदलायला निघत नाही.

गाडीचंही तसंच आहे. या फियाटला मागची चाकं ओढतात, इंजिन मात्र पुढे. मग इंजिनचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत पोचतं कसं? क्रमाने बोलतो, डोळ्यांसमोर आणा. इंजिन, त्याला चिकटून क्लच, मग गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधून निघतो प्रोपेलर शाफ्ट, गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा लांब दांडा. तो या गाडीत दोन तुकड्यांचा असतो, मध्ये सेंटर बेअरिंग आणि सांध्यांना क्रॉस. पुढे डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांच्या मधला तो गोल डबा. आणि डिफरन्शियलमधून डाव्या-उजव्या चाकांकडे जाणारे दोन एक्सल शाफ्ट. साखळी इथे संपते.

एवढे दुवे एकेक करून तपासायचे? नाही. आधी साखळी मधोमध तोडायची. आणि त्यासाठी पानाही लागत नाही, स्पीडोमीटर पुरतो.

या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो आणि ती केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला जोडलेली असते. म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट फिरला की काटा हलणार, चाक फिरो वा न फिरो. आम्ही गाडी सपाट जागेवर घेतली, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, काकांनी पहिला गिअर टाकून क्लच अलगद सोडला. गाडी उभी, आणि काटा दहाच्या आसपास थरथरतोय!

बघा, या एका काट्याने काय सांगितलं. इंजिन ठीक, क्लच ठीक, गिअरबॉक्स फिरणं मागे देतोय. ज्या गिअरबॉक्सवर मिस्त्रींनी फुली मारली होती, तो निर्दोष सुटला. काटा शून्यावर राहिला असता तर संशय क्लच आणि गिअरबॉक्सवर गेला असता. अर्थात केबल आधीच तुटलेली असेल तर ही परीक्षा बाद, म्हणून सकाळी काटा चालत होता का हे आठवायचं.

आता मागचा अर्धा भाग. मी गाडीपासून चार-पाच फूट लांब, बाजूला वाकून मोबाइलचा टॉर्च मारला. गाडीखाली शिरलो नाही, आणि तुम्हीही इंजिन चालू असताना कधी शिरू नका. फिरत्या शाफ्टला ओढणी, शर्टाची बाही, केस काहीही चालतं. प्रोपेलर शाफ्टचा पुढचा तुकडा फिरत होता. मागचाही फिरत होता, थेट डिफरन्शियलपर्यंत. क्रॉस तुटला असता तर पुढचा तुकडा फिरला असता आणि मागचा थांबला असता. म्हणजे तेही ठीक. आता उरलं काय? डिफरन्शियल आणि दोन एक्सल शाफ्ट.

इथे बऱ्याच जणांना प्रश्न पडतो. समजा एकच एक्सल शाफ्ट तुटला, तर दुसरं चाक धडधाकट आहे ना, त्याने गाडी ओढायला काय हरकत? हरकत डिफरन्शियलची. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण साध्या डिफरन्शियलची खोड अशी की जिकडे अडवणूक कमी, तिकडेच फिरणं वाहून जातं. पावसात गाडी चिखलात रुतली की एकच चाक गरगर फिरतं आणि कोरड्या जागेवरचं शांत बसतं, पाहिलंय ना? तुटलेला शाफ्ट म्हणजे त्याहून वाईट चिखल. तिकडे अडवणूक शून्यच. सगळं फिरणं त्या तुटक्या तुकड्यात जातं आणि गाडी हलत नाही.

याच कारणाने एक धोकाही आहे, तो लक्षात ठेवा. एक्सल शाफ्ट तुटलेली गाडी गिअरमध्ये ठेवून उभी केली तरी उतारावर थांबत नाही. चाक आणि इंजिन यांचं नातंच तुटलेलं असतं. म्हणून हँडब्रेक ओढा आणि चाकांना विटा लावाच.

पुढची तपासणी इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून. मागची दोन्ही चाकं उचलली, नुसत्या जॅकवर नाही, खाली भक्कम स्टँड देऊन. मग हँडब्रेक सोडला आणि गिअर टाकून ठेवला. आता एक चाक हाताने फिरवायचं. सगळं धड असेल तर दुसरं चाक उलट्या दिशेने फिरतं. आमचं दुसरं चाक हललंच नाही. डावं चाक फिरवताना आत दाते फिरल्याचा बारीक आवाज आणि हलकासा जोर लागत होता. उजवं मात्र सायकलच्या चाकासारखं मोकळं फिरलं.

उजव्या बाजूचा ड्रम काढला, बेअरिंग धरून ठेवणारे बोल्ट सोडले, शाफ्ट बाहेर ओढला. तो अर्धाच आला. आतल्या टोकाला जिथे दाते असतात, तिथून तुटलेला. उरलेला तुकडा डिफरन्शियलमध्ये. आमचं नशीब म्हणायचं की तुटला आत. या रचनेत चाक शाफ्टवरच बसलेलं असतं, बेअरिंगच्या बाहेर तुटला असता तर चाकच निघून आलं असतं.

आता त्या तुटलेल्या तोंडाकडे बघा. काकांनी रॉकेलने पुसून ते उजेडात धरलं. एका कडेला काळपट, गुळगुळीत भाग, त्यावर शिंपल्यासारख्या बारीक रेषा. बाकीचा भाग खरखरीत आणि चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती दात्याच्या मुळाशी सुरू झाली आणि प्रत्येक झटक्याला थोडी थोडी पुढे सरकत गेली. चकचकीत भाग तेवढा रविवारचा. म्हणजे खड्डा फक्त निमित्त झाला, आणि यात कोणा कंपनीचा दोषही नाही. पन्नास वर्षं पीळ सोसलेलं पोलाद थकलं होतं.

धातू थकतो हे जगाला रेल्वेने शिकवलं. 8 मे 1842 ला फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि मोठा अपघात झाला. पुढे जर्मनीत व्योलर नावाच्या अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. एका झटक्यात न तुटणारं पोलाद, त्याहून कमी भार लाखो वेळा आला की तुटतं, हे त्याने दाखवलं.

म्हणूनच आम्ही नुसता उजवा शाफ्ट बदलून थांबलो नाही. डावाही तेवढाच जुना! डिफरन्शियल खोलून आतला तुकडा काढला, तेल बदललं, लोखंडाचा कीस पुसून घेतला, दाते नीट तपासले. दोन्ही बाजूंचे शाफ्ट कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाले. घ्यायच्या आधी लांबी आणि दाते मोजून जुळवले, आणि चीर शोधायचा लाल डाय लावून बघितला. मूळ इंजिन, मूळ गिअरबॉक्स जागच्या जागी. खर्च इंजिन बदलण्याच्या मानाने किरकोळ. काकांनी अर्ज भरला.

त्या मिस्त्रींवर माझा राग नाही. रोज दहा गाड्या बघणाऱ्या माणसाला जुन्या गाडीसाठी वेळ नसतो, आणि संशय सगळ्यात मोठ्या भागावर पटकन जातो. पण वेळ आपल्याकडे असतो. म्हणून मोबाइलमध्ये एवढं लिहून ठेवा. गाडी चालू आहे पण चालत नाही, तर पहिलं, चाकांना विटा. दुसरं, गिअर टाकून स्पीडोमीटरचा काटा. तिसरं, लांबून प्रोपेलर शाफ्ट. चौथं, इंजिन बंद करून दोन्ही चाकं हाताने. पाना पाचवा.

तुमच्या आजोबांची, मामांची एखादी फियाट किंवा ॲम्बेसेडर अंगणात ताडपत्रीखाली उभी असेल, “गिअरबॉक्स गेलाय” म्हणून. भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा तिचा काटा बघून या, आणि काय दिसलं ते मला व्हॉइस नोटवर नक्की सांगा. पुढच्या भागात बोलू, क्लच घसरतोय हे वासावरून कसं ओळखायचं यावर. तोवर सांभाळून चालवा. भेटूया!