डब्याचं कोटेशन मागवण्याआधी

(मनमाड येथे गटांच्या मासिक बैठकीत झालेलं भाषण)



मसाला, पापड, शेवया करणारे गट आपल्याकडे पुष्कळ आहेत. आता बऱ्याच जणींच्या मनात आहे, की बाजारचा साधा डबा नको, आपल्या मापाचा, झाकणावर गटाचं नाव उठवलेला डबा हवा. मग आपण सातपूर-अंबडच्या कारखान्यात फोन लावतो. "दादा, अर्ध्या किलोचा डबा केवढ्याला पडेल?" समजा एक जण म्हणाला चौदा रुपये, दुसरा म्हणाला बावीस. आपण चौदावाल्याकडे जाणार, हे ठरलेलं. पण ते एकाच डब्याचे दर नाहीत हो! एकाने झाकण धरलेलंच नाही, दुसऱ्याने झाकण, खोकी आणि मनमाडपर्यंतची गाडी सगळं धरलंय.

ब्लाऊज शिवायला टाकताना आपण मापाचं ब्लाऊज देतो. गळा किती, बाही कुठवर, अस्तर लावायचं का, सगळं सांगतो. तरी दोन चकरा होतातच. इथे तर लाखाच्या घरातला साचा आहे आणि पैसा गटाचा आहे.

साचा म्हणजे काय ते आधी बघू. प्लास्टिकचा दाणा वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरतात, थंड झाला की नग बाहेर पडतो. दाणा तसा स्वस्त, साचा महाग. समजा साच्याला 1,80,000 रुपये लागले. 5,000 डबे काढले तर एका डब्यावर नुसत्या साच्याचे 36 रुपये बसले. 50,000 काढले तर 3 रुपये 60 पैसे. आणि डब्याचा साचा वेगळा, झाकणाचा वेगळा. म्हणून माझं स्पष्ट मत सांगते: ज्या गटाचे वर्षाला दोन-तीन हजारच डबे जातात, त्यांनी तयार डबा घ्यावा आणि चांगलं लेबल लावावं. मधला मार्गही आहे. कारखान्याकडे आधीच साचा असेल तर झाकणावरच्या नावापुरता तुकडा बदलता येतो का, ते विचारा. काही साच्यांत येतो. दुसऱ्या कंपनीचा डबा दाखवून "अस्साच काढून द्या" मात्र म्हणू नका. आकाराचीही नोंदणी होते, त्यासाठी 2000 सालचा डिझाइन कायदा आहे.

स्वतःचा साचा करायचाच ठरला, तर सगळ्या कारखान्यांना एकच पत्र द्या. अक्षरही बदलू नका.

पत्रात पहिल्यांदा वस्तू कशासाठी ते लिहा: कांदा-लसूण मसाला, तेलकट, घरात सहा महिने राहणार, दुकानात उन्हाजवळ ठेवला जाणार. मग माप. अर्धा किलो हे डब्याचं माप नव्हे, ते मसाल्याचं वजन झालं. त्याला जागा किती लागते? एका काचेच्या बरणीत अर्धा किलो मसाला भरा, बरणी ठोकून बसवा, खूण करा. मसाला काढून त्या खुणेपर्यंत पाणी मोजून ओता. जितके मिलिलिटर आले, त्यात वर थोडी मोकळी जागा धरा. ते आपलं माप. मिरचीपूड आणि गोडा मसाला यांचा आकडा सारखा येणार नाही, करून बघा.

चित्र हाताने काढलं तरी चालतं. उंची, तोंडाची आतली रुंदी, भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा. झाकण जिथे बसतं तिथे फुली मारून लिहा, "इथे कमी-जास्त चालणार नाही." सगळीकडे तसं लिहू नका, नाहीतर दर विनाकारण चढतो. प्लास्टिक थंड होताना आकसतं, त्याचा हिशेब साचा करणारा धरतो. आपण तयार डब्याचं माप द्यायचं.

दाणा कोणता, हे मोघम ठेवू नका. पॉलिप्रोपिलीन, म्हणजे डब्याखाली त्रिकोणात 5 आकडा असतो ते. कोरा दाणा, भंगारातून केलेला नको, आणि खाण्याच्या पदार्थासाठीच्या आयएस 10910 मानकातला. त्याचं प्रमाणपत्र मागा. रंगाचा तुकडा पत्राला जोडा. नुसतं "लाल" म्हटलं तर दहा लाल निघतात.

नग किती? तीन आकड्यांचे दर मागा: 2,000, 5,000 आणि 10,000. साच्याचा दर वेगळा, नगाचा वेगळा. एका डब्याचं वजन किती ग्रॅम, हेही उत्तरात मागा. ही ओळ फार कामाची. एकाने 40 ग्रॅमचा आणि दुसऱ्याने 35 ग्रॅमचा डबा धरला, तर 10,000 डब्यांत 50 किलो प्लास्टिकचा फरक पडतो. स्वस्त दर कुठून आला ते तिथेच दिसतं.

जीएसटी धरून की वेगळा, तेही विचारा. ज्या गटाची जीएसटी नोंदणी नाही, त्यांना तो परत मिळत नाही. तो खर्चच समजा.

आता मालकी. साच्याचे पैसे आपण दिले तरी साचा राहतो कारखान्यात. एका गटाने पैसे भरले, पुढे दर पटेना म्हणून साचा मागितला, तर कागदावर काहीच नव्हतं. आजही साचा तिकडेच आहे. म्हणून पत्रातच लिहा: साचा गटाच्या मालकीचा, मागितल्यावर परत, दुसऱ्यासाठी वापरायचा नाही, देखभाल कोणाची. पहिले नमुने आपण मसाला भरून, टेबलावरून पाडून बघू, पसंत पडले की उरलेली रक्कम. नमुन्यात दुरुस्ती निघतेच, तेव्हा दिवाळीचा माल हवा असेल तर पत्र उन्हाळ्यात गेलं पाहिजे.

साच्याबद्दल शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. प्लास्टिकसाठी तिथेच सिपेटचं केंद्र आहे. मनमाडहून थेट रेल्वे आहे, दोघी-तिघी मिळून जाऊन या.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने बरणीतलं पाण्याचं माप आणि वर्षाला किती डबे जातात तो आकडा वहीत लिहून आणायचा. पत्राचा मसुदा आपण तिथेच बसून करू.