कुलूप, शिक्का आणि किल्ली



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, संगणकातल्या फायलींना कुलूप कसे घालावे हा त्या धंद्यातल्या लोकांचा प्रश्न. वसंतातल्या संध्याकाळी तो आमच्यापुढे कशाला? ही शंका रास्त आहे. म्हणून आम्ही आरंभ संगणकापासून न करता जुन्या दप्तरापासून करतो.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात जे गेले असतील त्यांना ठाऊक आहे की, तेथे कागद सुटे पडलेले नसतात. ते कापडात बांधून ठेवतात आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. जुन्या राजपत्रांवर माथ्याशी शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब असे. शिक्का सांगे की हे पत्र कोणाचे. मोर्तब सांगे की मजकूर येथे संपला, यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये. ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण आजही सहज बोलतो. पण त्या एका शब्दात दोन निरनिराळ्या काळज्या आहेत, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. खरेदीखत, मृत्युपत्राचा मसुदा, दवाखान्याचे कागद, आईवडिलांची छायाचित्रे, हे सारे आज फायलींच्या रूपाने संगणकात किंवा फोनमध्ये असते. ते परगावच्या मुलाला धाडायचे, किंवा एक प्रत दुसऱ्याच्या साठवणीत ठेवायची, तर वाटेत कोणी वाचू नये आणि कोणी बदलू नये, या दोन्ही काळज्या उभ्या राहतात. न वाचण्याची सोय म्हणजे कुलूप. न बदलल्याची खूण म्हणजे शिक्का. पुष्कळ लोक या दोहोंना एकच समजतात, आणि घोटाळा तेथेच होतो.

हे काम करणारे एक साधन आहे, त्याचे नाव ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’. जाणकार त्याला ‘जीपीजी’ म्हणतात. अमेरिकेतील फिल झिमरमन यांनी 1991 साली ‘पीजीपी’ नावाची कार्यावली लोकांच्या हाती दिली. बलवान गुप्तलेखनाची साधने देशाबाहेर जाऊ देण्यास त्या सरकारचे निर्बंध होते, म्हणून त्यांच्यामागे चौकशी लागली आणि ती 1996 च्या आरंभी सोडून देण्यात आली. त्याच वळणाचे, सर्वांना मोफत आणि आतून तपासून पाहता येईल असे साधन जर्मनीतील वेर्नर कॉख यांनी लिहावयास घेतले. त्याची पहिली पक्की आवृत्ती 1999 साली निघाली. तेच हे जीपीजी.

त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत. पडद्यावर एक ओळ उघडते आणि तीत आपण आज्ञा लिहावयाची. प्रथम ‘टार’ नावाच्या जुन्या साधनाने साऱ्या फायलींचा एक रुमाल बांधावयाचा. युनिक्सवाल्यांनी 1979 च्या सुमारास हे साधन चुंबकीय फितीवर फायली साठवण्यासाठी काढले, आणि फिती रोजच्या वापरातून गेल्या तरी ते टिकले. मग जीपीजीला सांगावयाचे: ‘साइन’, म्हणजे शिक्का मार, ‘एन्क्रिप्ट’, म्हणजे कुलूप घाल, आणि ‘रेसिपिअंट’, म्हणजे अमक्यासाठी. ‘जीपीजी-टार’ या जोडसाधनाने बांधणे आणि कुलूप घालणे ही दोन्ही कामे एका आज्ञेत होतात.

कोणी विचारील, कुलूप घातले, पण किल्ली त्या माणसाला धाडावयाची कशी? किल्लीच वाटेत चोरली गेली तर? शतकानुशतके गुप्तलेखनाची हीच अडचण होती. ती 1976 साली डिफी आणि हेलमन यांनी मांडलेल्या कल्पनेने सुटली, आणि 1977 साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तिला व्यवहारात बसेल अशी पद्धत दिली. प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असावयाची. एक जाहीर किल्ली, ती खुशाल गावभर वाटावी. दुसरी खाजगी, ती कोणालाही द्यावयाची नाही. जाहीर किल्लीने कुलूप लागते, पण उघडते ते केवळ खाजगी किल्लीने. शिक्क्याचे याच्या उलट: खाजगी किल्लीने शिक्का मारावयाचा, आणि जाहीर किल्लीने तो कोणीही पडताळून पाहावा.

शिक्का मारताना यंत्र साऱ्या रुमालाचा एक ठसा काढते. हा ठसा म्हणजे ठरावीक लांबीचा आकडा. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार निराळा निघतो. त्या ठशावर आपली खाजगी किल्ली चालते. म्हणजे हा शिक्का माथ्यावरही आहे आणि अखेरीसही. शिक्का आणि मोर्तब येथे एकत्र झाले आहेत.

नुसत्या शिक्क्याचे मोल किती, हे 2011 साली दिसले. लिनक्स या यंत्रप्रणालीचा गाभा ज्या संकेतस्थळावरून जगाला मिळतो, त्याच्या यंत्रांत चोर शिरल्याचे त्या वर्षीच्या ऑगस्टात उघडकीस आले. त्या गाभ्यात गुप्त ठेवण्यासारखे काहीच नाही. तो सर्वांसाठी उघडा आहे. प्रश्न एवढाच होता की, आपण उतरवून घेतो तो रुमाल मूळचाच आहे ना? त्यानंतर त्या मंडळींनी किल्ल्यांची व्यवस्था नव्याने उभारली आणि प्रत्यक्ष भेटून एकमेकांच्या किल्ल्यांची ओळख पटवली. आजही तो रुमाल घेणाऱ्याला त्याच्यासोबत सुटा शिक्का मिळतो. कुलूप नाही, पण शिक्का आहे.

आपण असा शिक्का पडताळला की जीपीजी म्हणते, ‘गुड सिग्नेचर’, शिक्का बरोबर. पण पुष्कळदा त्याखाली दुसरी ओळ येते: ही किल्ली त्याच माणसाची आहे, याची कोणी खात्री दिलेली नाही. नवशिके या ओळीला कंटाळतात. आमच्या मते सबंध पडद्यावर तेवढीच ओळ लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. किल्लीवर नाव कोणीही काहीही लिहू शकतो. 2016 साली तर लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांच्या नावाची खोटी किल्ली सापडली. पूर्वी किल्लीची ओळख म्हणून शेवटची आठ अक्षरे पाहण्याचा प्रघात होता. ती आठही अक्षरे खऱ्या किल्लीशी जुळत होती! म्हणून किल्लीचा सबंध ठसा पाहावा. आज प्रचारात असलेल्या बहुतेक किल्ल्यांचा तो चाळीस अक्षरांचा असतो. तो ज्याचा त्याच्याकडून, समोरासमोर किंवा ओळखीच्या आवाजात ऐकून, ताडून घ्यावा. चाळीस अक्षरे वाचावयास एक मिनिट पुरते.

आणि खरा शिक्का ओळखीच्या माणसाचा असला तरी काय? 2024 च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या दोन आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ज्या हाताने ती घातली त्याने सुमारे दोन वर्षे निमूटपणे चांगले काम करून विश्वास मिळविला होता, आणि त्या रुमालांवरचे शिक्के अगदी खरे होते. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या यंत्रावर दाखल होताना सुमारे अर्धा सेकंद उशीर लागतो एवढेच खटकले, आणि त्यातून सारे बाहेर आले. शिक्का सांगतो हे कोणी दिले. देणारा प्रामाणिक आहे की नाही, हे तो सांगत नाही. पूर्वीही सांगत नव्हता.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती आमच्या शहाणपणाची नाही. आमच्या मातोश्री पहाटे जात्यावरच्या ओव्या म्हणत. शेवटच्या दोन वर्षांत आम्ही त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला. पुढे घराचे कागद आणि ते ध्वनिमुद्रण यांचा एक रुमाल बांधला, नव्या विद्येच्या हौसेने त्याला कुलूप घातले, दोन ठिकाणी प्रती ठेवल्या, मूळच्या उघड्या फायली पुसून टाकल्या आणि निर्धास्त झालो. एके दिवशी संगणकाची डिस्क गेली. दोन्ही प्रती सुखरूप होत्या. पण खाजगी किल्ली त्या डिस्कवरच होती, आणि तिची दुसरी प्रत आम्ही कोठेच काढली नव्हती. घराच्या कागदांच्या नकला कचेरीतून मिळाल्या. ओव्यांची नक्कल कोणत्या कचेरीतून आणावी?

तो रुमाल आजही आमच्यापाशी आहे. एक अक्षर कमी झालेले नाही. जे कुलूप चोराला उघडत नाही ते विसराळू धन्यालाही उघडत नाही, आणि ते तसे असावे हाच त्याचा गुण आहे. त्याला दोष देण्यास आम्हांला जागा नाही.

म्हणून निरोप घेताना चार गोष्टी सांगतो. खाजगी किल्लीची एक प्रत, सांकेतिक शब्दाने बंद केलेली, घरातल्या विश्वासू माणसाला ठाऊक असेल अशा जागी ठेवा, आणि तो शब्द कागदावर लिहून निराळ्या जागी ठेवा. दुसऱ्यासाठी कुलूप घालताना घेणाऱ्यांत स्वतःचेही नाव घाला. नाही तर आपलाच रुमाल आपल्याला उघडणार नाही. रुमालाचे बाहेरचे नाव कुलपात जात नाही, म्हणून त्यावर ‘मृत्युपत्र’ असे लिहू नका. आणि मूळ फायली पुसण्यापूर्वी तो रुमाल एकदा दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. आम्ही ही एकच परीक्षा घेतली असती तरी पुरे होते.

कुलूप घालणे आणि शिक्का मारणे ही कामे यंत्र आपल्याहून चांगली करते. पण किल्ली कोणाची हे ओळखणे आणि आपली किल्ली सांभाळणे ही दोन कामे त्याने आपल्याकडेच ठेवली आहेत. आज घरी गेल्यावर आपल्या किल्ल्या कोठे आहेत एवढे जरी आपण पाहिलेत, तरी आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.