रात्रपाळी आणि रक्तातील साखर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मधुमेह म्हटला की गोडधोड आणि बैठे काम एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु आणखी एक कारण आपल्या घरोघरी वावरत आहे. ते म्हणजे रात्रीचे काम.

वाशीम जिल्ह्यात रात्रपाळी ही केवळ कारखान्याची गोष्ट नव्हे. शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आल्यामुळे, हरभऱ्याला व गव्हाला पाणी देण्यासाठी आपल्या शेतकरी बांधवांनी हिवाळ्याच्या कित्येक रात्री बांधावर काढल्या. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली राज्यात सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि परिचारिका, एस. टी.चे चालक, पोलीस आणि पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत गेलेली आपली मुले यांची रात्र काही सुटलेली नाही.

यात बिघडते काय? शरीराला स्वतःचे घड्याळ आहे. त्याच्या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साखर आवरणारे इन्सुलिन सकाळी अधिक प्रभावी असते, रात्री त्याचा जोर ओसरतो. म्हणून तीच भाकरी दुपारी पचते, पण मध्यरात्री रक्तातील साखर अधिक वाढवते. अपुऱ्या झोपेने त्यात भर पडते. अमेरिकेतील परिचारिकांच्या पाहणीत, रात्रपाळीची वर्षे जितकी अधिक तितका मधुमेहाचा धोका अधिक, असे २०११ साली दिसून आले. २०२१ सालच्या १९ जणांवरील एका प्रयोगात मात्र, रात्री जागूनही जे केवळ दिवसाच जेवले, त्यांची साखर वाढली नाही. प्रयोग लहान खरा, पण आशा देणारा आहे.

तेव्हा मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी करावे. रात्री गोड चहा व फरसाण टाळावे. मात्र जे मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून उपाशी राहू नये; साखर एकाएकी उतरणे तितकेच घातक. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर तो इशारा समजावा. १२६ वा अधिक असेल तर पुन्हा तपासून उपचारास लागावे.

शेवटी एक विनंती घरच्या मंडळींना. रात्रभर पाणी देऊन आलेला मुलगा दिवसा झोपला की आपण त्याला आळशी म्हणतो. रुग्णालयातून पहाटे परतलेल्या सुनेने लगेच चुलीपुढे उभे राहावे अशी अपेक्षा धरतो. त्यांची झोप हा आळस नसून औषध आहे. खोलीत अंधार करावा, दाराशी गलबला करू नये, स्वयंपाक इतरांनी उरकावा. ज्यांच्या जागरणावर आपले घर चालते, त्यांच्या निद्रेची राखण करणे हे आपले कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.