फेटाळलेलं अपंगत्व पेन्शन आणि मोफत वकील



सैनिकांवरचं व्याख्यान म्हटलं की लोक रणांगण ऐकायला येतात. सातारा जिल्ह्यात तर विचारायलाच नको. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे 46 जवान कामी आले. आज मात्र मी बोलणार आहे ते फौजेतून परतल्यावर येणाऱ्या एका कागदाबद्दल. रेकॉर्ड ऑफिसच्या त्या पत्रात साधारण एवढंच असतं: तुमचं अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आलेलं नाही, सेवेमुळे बळावलेलंही नाही, सबब दावा नामंजूर. पत्र इंग्रजीत असतं. कॉलेजात जाणारा मुलगा ते वाचून दाखवतो, थोडा वेळ कुणी काही बोलत नाही, आणि पत्र ट्रंकेत जातं.

ट्रंकेत पत्र टाकणाऱ्या या मंडळींपैकी पुष्कळ जण सरकारी खर्चानं वकील मिळायला पात्र असतात. ते मागत नाहीत, कारण मोफत कायदेशीर मदत म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांचं काम, असा आपला पक्का समज आहे. तो समज चुकीचा आहे, एवढंच आज सांगायचंय.

आधी हक्क काय आहे ते बघू. अपंगत्व किमान 20 टक्के हवं, आणि ते सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के एवढा अपंगत्वाचा भाग मिळतो. टक्के कमी तसा तो कमी. पगार 40,000 धरला तर 20 टक्क्यांचे होतात महिना 2,400 रुपये. पण सर्वोच्च न्यायालयानं 10 डिसेंबर 2014 रोजी राम अवतार प्रकरणात सांगितलं, की 50 पेक्षा कमी टक्केवारी 50 धरण्याची सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्या. म्हणजे त्याच जवानाचे झाले 6,000, वर महागाई भत्ता. गावाकडच्या घरात ही रक्कम लहान नाही.

आता नकार कुठे जन्माला येतो ते पाहा. जवान फौजेतून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळापुढे उभा राहतो. आजारामुळे मुदतीआधीच घरी पाठवलं तर इनव्हॅलिडिंग बोर्ड, मुदत संपवून निघाला तर रिलीज मेडिकल बोर्ड. मंडळाच्या फॉर्मवर रकाने असतात: आजाराचं नाव, कधी आणि कुठे सुरू झाला, सेवेमुळे आला का, सेवेमुळे वाढला का, कारण काय, टक्के किती. यातला 'कारण' हा रकाना मी नेहमी सर्वांत आधी वाचतो. तिथे बहुतेक वेळा एकच ओळ असते. आजार प्रकृतिगत आहे, किंवा तो पीस स्टेशनवर, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, सुरू झाला. फील्डवरच्या नेमणुका करून जवान पुण्याला येतो, इथे तपासणीत बीपी निघतं, आणि आजाराच्या जन्मस्थानी पुण्याचं नाव लागतं! वर उंचावर काढलेल्या थंडीचा, जागरणांचा त्या ओळीत पत्ताच नाही.

या एका ओळीवर सर्वोच्च न्यायालयानं 2 जुलै 2013 रोजी धरमवीर सिंग प्रकरणात बोट ठेवलं. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून घेतलं, तेव्हा आजाराची नोंद केली नाही, तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं. पुढे आजार झाला तर तो सेवेमुळे नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, आणि संशयाचा फायदा जवानाचा. मंडळानं नुसता निष्कर्ष लिहून चालत नाही, कारणं द्यावी लागतात. दिल्ली उच्च न्यायालयानंही 2025 मध्ये मधुमेह आणि रक्तदाबाच्या प्रकरणांत हेच बजावलं. एक सावधगिरी मात्र सांगतो. धरमवीर सिंग निकाल जुन्या नियमांवर उभा आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून सेवेबाहेर पडणाऱ्यांना नवे नियम लागू झालेत, त्यांचा युक्तिवाद वेगळा बांधावा लागतो.

प्रत्येक दावा जिंकण्यासारखा असतो असंही नाही. रजेवर घरी असताना स्वतःच्या कामाला निघालेल्या जवानाला रस्त्यात अपघात झाला, तेव्हा 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पेन्शन नाकारलं. सेवेशी संबंध जुळत नव्हता. उलट रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरतानाच अपघात झालेल्या दुसऱ्या जवानाला त्याच न्यायालयानं 1999 मध्ये हक्क दिला होता, तिकीट त्यानं पदरचं काढलं होतं तरी. वकील कशासाठी लागतो, ते या दोन निकालांमधल्या फरकावरून कळतं.

पायऱ्या अशा. नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. दोन्ही लष्कर आणि संरक्षण मंत्रालयाच्या समित्यांपुढे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. कायदा 2007 चा, आणि न्यायाधिकरणाचं उद्‌घाटन 8 ऑगस्ट 2009 रोजी झालं तेव्हा राष्ट्रपतिपदी आपल्या प्रतिभाताई पाटील होत्या. मुख्य पीठ दिल्लीला, आपल्यासाठी मुंबईला. तिथेही शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. न्यायाधिकरणानंही ऐकलं नाही, तर उच्च न्यायालयाचं दार 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा मोकळं झालंय.

मुदत टळली म्हणजे सगळं गेलं असंही नाही. पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्यानं होतो असं न्यायालयं मानतात. पण 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. पत्र पंधरा वर्षं ट्रंकेत राहिलं तर बारा वर्षांचे पैसे गेले. हे ऐकून एखादे सुभेदारसाहेब माझ्यासमोर नुसते खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांना काय सांगावं हे मलाही कळत नाही.

आता वकिलाकडे येऊ. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा. त्याच्या कलम 12 मध्ये मोफत वकील कोणाला, याची यादी आहे. त्या यादीत 'माजी सैनिक' हा वर्ग नाही. इथेच बरेच जण परत फिरतात. पण यादी नीट वाचा. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. यादीतल्या अशा कोणत्याच वर्गात न बसणाऱ्यांना आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला 3,00,000 रुपयांची. हवालदाराचं साधं पेन्शनही ही मर्यादा ओलांडू शकतं. पण ज्याला काहीच पेन्शन न देता मध्येच घरी पाठवलं, तो आरामात आत बसतो. आणि जवान आता हयात नसेल, दावा त्याची पत्नी लढवत असेल, तर ती स्त्री म्हणूनच पात्र आहे. कुटुंब पेन्शन कितीही असो! ही गोष्ट मी अशा वहिनींना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कुणीतरी त्यांना आधीच तहसीलदाराकडे पिटाळलेलं असतं.

दिव्यांगत्वाच्या बाबतीत एक गल्लत फार होते. जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र मोफत वकील मिळवायला उपयोगी पडतं, पण पेन्शनचा निर्णय त्यावर होत नाही. तिथे लष्करी मंडळाचे कागद लागतात. दोन कागद, दोन कामं. एकाच पिशवीत ठेवा, पण एकाच्या जागी दुसरा पुढे करू नका.

कलम 13 ची एक अट आहे: प्रथमदर्शनी दाव्यात काही तथ्य दिसलं पाहिजे. म्हणजे रिकाम्या हातानं जाऊन भागत नाही. नकाराचं पत्र, डिस्चार्ज बुक, पेन्शन असेल तर पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि मुख्य म्हणजे वैद्यकीय मंडळाचा तो फॉर्म. फॉर्म हाताशी नसेल तर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगावला लिहावं लागेल. उत्तराची मुदत तीस दिवसांची.

आणखी एक. या कायद्यात न्यायालय म्हणजे न्यायाधिकरणसुद्धा, आणि विधी सेवेत नुसता सल्लाही येतो. म्हणून मुंबईच्या पीठापर्यंत थांबायचं कारण नाही, पहिल्या अपिलाचा मसुदा करतानाच मदत मागा. पहिलं अपील बहुतेक जण स्वतः लिहितात आणि त्यात आपल्या गरिबीचं वर्णन करतात. मुलीचं लग्न, घराचं कर्ज. समितीला ते वाचायचं नसतं. भरतीच्या वेळी मी निरोगी होतो, तशी नोंद आहे, आणि मंडळानं कारण दिलेलं नाही, ही तीन वाक्यं तिथे नसतात.

जुलै 2025 मध्ये श्रीनगरला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक कल्याण कार्यालयांतच विधी सेवा केंद्रं उघडायची, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण केंद्रात बसणाऱ्या वकिलाला लष्करी पेन्शनचे नियम शिकवले नाहीत तर तिथे फक्त टेबल आणि खुर्ची राहील, हे माझं स्पष्ट मत आहे. मुळात इतके खटले व्हावेतच का? मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये हे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती, अहवालही आला. तरीही जवान कोर्टाच्या पायऱ्या चढतातच आहेत.

फीबद्दल बोलायला हवं. अमेरिकेत 1864 च्या कायद्यानं सैनिकाच्या वकिलाची फी दहा डॉलरवर बांधली होती, आणि ती मर्यादा 1988 पर्यंत टिकली! हेतू सैनिकाला लुबाडणुकीपासून वाचवायचा. झालं असं, की दहा डॉलरसाठी सैनिकांची कामं घेणारा वकीलच मिळेना. आता तिथे पहिला निर्णय विरोधात गेल्यावर मान्यताप्राप्त वकील थकबाकीचे 20 टक्के घेऊ शकतो. आपल्याकडे असा हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत सक्त मनाई आहे. तरी गावोगाव 'पेन्शन करून देतो, थकबाकीतले निम्मे द्या' म्हणणारे हिंडतात. त्यातले कित्येक वकीलही नसतात. कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या चेकवर सही करू नका. बँकेचं पासबुक कुणाच्या हवाली करू नका.

सभागृहात बरेच फौजी बसलेत, आणि फौजींच्या घरची माणसं त्याहून जास्त. घरी असं पत्र पडलं असेल तर आज रात्रीच ते काढा आणि वरची तारीख बघा. सहा महिने झाले नसतील तर उद्याच जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. झाले असतील तरीही जा. जाणं जमत नसेल तर 15100 हा त्यांचा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.