पुरचुंडीतली ऊब

मटकीला मोड आणायचे तर आपण ती भिजवतो, निथळून फडक्यात घट्ट बांधतो आणि झाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी गाठ सोडून मटकीच्या मधोमध बोट घालून बघा. आत ऊब लागते. जवळ चूल नाही, ऊन नाही. ही दाण्यांच्या श्वसनाची ऊब आहे. दाणा साठवलेला स्टार्च मोडतो, त्या ऊर्जेवर कोंब काढतो आणि हाती न लागलेली ऊर्जा उष्णता होऊन निसटते. आज मला बोलायचं आहे ते दाण्याच्या हाती लागलेल्या ऊर्जेविषयी.

१७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हॉझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनिपिग ठेवला. किती बर्फ वितळला, उच्छ्वासातून कार्बनवायू किती निघाला, हे मोजलं आणि जळत्या कोळशाशी ताडून पाहिलं. आकडे बऱ्यापैकी जुळले. श्वसन हे मंद ज्वलन आहे, असं त्यांनी मांडलं. ‘अन्न जळतं’ असं आपण आजही म्हणतो. हिशेब म्हणून ते बरोबर आहे, पण त्यातून डोळ्यांपुढे येणारं चित्र फसवं आहे. पेशीत काहीच पेटत नाही. साखर पेटवली तर सगळी ऊर्जा उष्णतेत जाईल, आणि नुसत्या उष्णतेवर स्नायू हलत नाही.

पेशी ग्लुकोजचा सहा कार्बनांचा रेणू आधी दोन तुकड्यांत मोडते. इथे ऑक्सिजन लागत नाही आणि निव्वळ मिळकत एटीपीचे, म्हणजे पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा वाहणारे, दोन रेणू. पुढे मायटोकॉन्ड्रियात, हान्स क्रेब्झ यांनी १९३७ साली उलगडलेल्या चक्रात, उरलेला कार्बन सुटतो. आत्ता या सभागृहात आपण सोडत असलेल्या उच्छ्वासातला कार्बन आपल्या जेवणातून आलेला आहे. चक्राच्या पायऱ्या मी सांगणार नाही. त्या पाठ करायला लावून आपण किती मुलांना या विषयापासून तोडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की इथे अन्नातले ऊर्जावान इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात.

हे इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातल्या प्रथिनांमधून हातोहात खाली उतरतात. शेवटी ऑक्सिजन त्यांना घेतो आणि पाणी तयार होतं. श्वास घ्यायचा तो यासाठी. सायनाइड नेमका हा शेवटचा टप्पा अडवतं, म्हणून छातीत हवा असूनही माणूस दगावतो.

पण या उतरणीतून एटीपी घडतं कसं? मधला रासायनिक दुवा कोणता, हे लोक वर्षानुवर्षं शोधत होते. १९६१मध्ये पीटर मिचेल म्हणाले, असा पदार्थच नाही. इलेक्ट्रॉन उतरताना प्रथिनं प्रोटॉनांना पटलापलीकडे ढकलतात आणि तिथे त्यांचा साठा चढतो. त्याच काळात आपल्याकडे कोयनेचं धरण उभं राहत होतं. अडवलेलं पाणी खाली येताना टर्बाइन फिरवतं. तसेच पटलापलीकडचे प्रोटॉन पटलातल्या एका यंत्रातून परतताना एटीपी घडवतात. हे पटल जेमतेम पाच-सहा नॅनोमीटर जाडीचं, त्याच्या दोन बाजूंत फरक सुमारे १५० मिलिव्होल्टचा. मीटरच्या हिशेबात जवळजवळ तीन कोटी व्होल्ट! मिचेल यांच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. प्रकृतीमुळे विद्यापीठ सोडून त्यांनी कॉर्नवॉलमध्ये एक जुना वाडा दुरुस्त केला आणि तिथेच प्रयोगशाळा थाटली. १९७८ साली त्यांना नोबेल मिळालं.

एटीपी सापडलं ते १९२९ साली, जर्मनीत लोमान यांना आणि हार्वर्डमध्ये फिस्के व सुब्बाराव यांना. हे यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. आपल्या प्रत्येक मुलाला हे नाव ठाऊक असायला हवं. शरीरात कुठल्याही क्षणी एटीपी असतं जेमतेम पन्नासेक ग्रॅम, पण तेच मोडत-जोडत दिवसभरात आपल्या वजनाइतकं वापरलं जातं.

ते जोडणारं यंत्र खरोखर फिरतं. १९९७ साली जपानी संशोधकांनी त्याचं डोकं काचेला चिकटवलं आणि आसाला यंत्राच्या कितीतरी पट लांब असा एक चमकता प्रथिनतंतू जोडला. मग एटीपी घातलं, म्हणजे यंत्र उलटं चालवलं. सूक्ष्मदर्शकाखाली तो तंतू एखाद्या पात्यासारखा गरगरू लागला, घड्याळाच्या काट्यांच्या उलट, आणि दरवेळी त्याच दिशेने.