वाचनालयातील संगणक आणि करमणूक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अकोला येथे दिलेले भाषण)



आपल्या वाचनालयातील दोन संगणकांविषयी कार्यकारिणीने सुचविलेला नियम आज सायंकाळी सभेपुढे मतास यावयाचा आहे. संगणकाचा उपयोग केवळ अभ्यासासाठी व्हावा. गाणी, चित्रपट, क्रिकेट वा गप्पा यांत वेळ दवडताना जो आढळेल त्याचे सभासदत्व महिनाभर स्थगित व्हावे, असा त्याचा आशय आहे. नियम सुचविणारी मंडळी आमच्या आदरास पात्र आहेत आणि त्यांची कळकळ खरी आहे. तथापि आम्ही त्या नियमाविरुद्ध बोलण्यास उभे आहोत.

ही तक्रार नवी नव्हे. 1857 साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले व मराठीत कादंबरी अवतरली. पुढे कित्येक वर्षे अनेक घरांतील वडीलधारी मंडळी कादंबरीवाचनास व्यसनच समजत. आज मुलाने आपण होऊन कादंबरी हाती घेतली तर तेच घर पेढे वाटील! कोणत्याही जुन्या ग्रंथपालास विचारावे की कोणत्या कपाटातील पुस्तकांची बांधणी आधी सुटते. ते कपाट कायद्याच्या ग्रंथांचे खचित नसते. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हे त्यांतील पहिले आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे शेवटचे. उपयोग म्हणजे केवळ परीक्षा, असे त्यांत कोठेही नाही.

शिवाय आपण वऱ्हाडची माणसे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 सालची. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगास करून दाखविले. ज्या प्रांताने खेळ इतक्या गांभीर्याने घेतला, त्याने विरंगुळ्यास दंड लावावा हे आम्हांस विपरीत वाटते.

परंतु खरा प्रश्न हा आहे की त्या संगणकापुढे बसते कोण. 2016 सालापासून मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, सायबर कॅफे ओस पडले, आणि आता प्रत्येकाच्या हाती यंत्र आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः कित्येक घरांत यंत्र एकच असते. ते सकाळी वडिलांबरोबर शेतात वा बाजार समितीत जाते आणि रात्री थोरल्या दादाच्या उशाशी असते. धाकट्या बहिणीच्या वाट्यास ते येते तेव्हा कोणीतरी खांद्यावरून डोकावतच असतो. दर्यापूर वा मूर्तिजापूरकडून शिकावयास आलेल्या मुलीला सुरेश भटांची गझल ऐकावीशी वाटली, तर तिने कोठे जावे? भट तर अमरावतीचेच! मामेबहिणीस दोन ओळी मराठीत लिहिता लिहिता तिची बोटे देवनागरी कळफलकावर बसतात. तो सराव पुढे अर्ज भरताना उपयोगी पडतो खरा. पण तो पडला नसता तरी आमचा आग्रह कायम राहिला असता.

अश्लीलतेची भीती निराळी, आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेत 2000 साली कायदा होऊन, संगणकासाठी केंद्राचे साहाय्य घेणाऱ्या ग्रंथालयांस अश्लील चित्रे रोखणारी चाळणी बसविणे भाग पडले. 2003 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ग्राह्य ठरविला. मात्र ती चाळणी गाण्यांस वा खेळांस नाही, आणि वैध कामासाठी प्रौढ वाचकाकरिता ती उठविता येते. आपल्याकडे 2011 सालच्या सायबर कॅफेविषयक नियमांनी आडोशाची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी, असे ठरविले. उपाय साधा आहे. पडदा सर्वांस दिसेल असा ठेवला की निम्मे काम होते.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अडचण मात्र खरी आहे. अर्जाची मुदत संपत आली असता कोणी क्रिकेट पाहत बसावे, हे आम्हांसही रुचत नाही. म्हणून आमची उपसूचना अशी: सायंकाळी पाचपर्यंत अभ्यास व अर्ज यांस प्रथम मान असावा. पाचनंतर एक संगणक कोणत्याही सभासदास, मुलगा असो वा मुलगी, अर्धा तास मनाजोगता वापरता यावा. मागे कोणी थांबलेले नसल्यास आणखी अर्धा तास. नोंदवहीत नाव आणि वेळ लिहावी, काय पाहिले ते लिहू नये. मुलींसाठी आठवड्यातून दोन सायंकाळी राखून ठेवाव्यात, कारण गर्दीत त्या मागे सरतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

गाण्यांचा आवाज अभ्यासिकेत जातो, अशी तक्रार चिटणीसांनी केली आहे. ती रास्त आहे. दोन हेडफोनांचा खर्च आम्ही देऊ.